पेनिशच्या किल्ल्यातला कैदी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गोवामुक्तीच्या लढ्यावरचे मराठीतले कुठलेही पुस्तक उघडा, पोर्तुगालमधल्या दोन तुरुंगांची नावे त्यात भेटल्याशिवाय राहत नाहीत. एक काशियश आणि दुसरे पेनिश. काशियश लिस्बन शहराच्या अगदी जवळ. पेनिश लिस्बनच्या उत्तरेला, समुद्रात घुसलेल्या जमिनीवरचे कोळ्यांचे गाव. तिथे एक जुना किल्ला आहे. अटलांटिक महासागराच्या लाटा त्याच्या भिंतींवर आपटत असतात. १९३४ पासून १९७४ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, हा किल्ला राजकीय कैद्यांचा तुरुंग होता.

आपली माणसे तिथे होती. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक म्हणून ज्यांना ओळखतात त्या टी. बी. कुन्हा यांना १९४६ साली लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि बोटीत घालून पेनिशला नेले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे, लोयोला ही मंडळीही तिथलीच. यांतले काकोडकर म्हणजे आपले अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांचे वडील. पुढे सांगलीचे मोहन रानडे काशियशला गेले. शिक्षा २६ वर्षांची. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तरी रानडे तुरुंगातच राहिले. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. तेलो मास्कारेन्यस हे गोमंतकीय कवी, रवींद्रनाथांना पोर्तुगीज भाषेत नेणारे, त्यांची सुटका तर १९७० साली झाली.

मी सावंतवाडीकडचा. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी पोर्तुगीज हा शब्द नसे, फिरंगी असे. आणि फिरंगी म्हटला की तो एकाच साच्यातला. बंदूकधारी, उर्मट, माणसाला गुरासारखा वागवणारा. ज्यांनी मार खाल्ला त्यांनी असे म्हणावे यात नवल नाही. पण रानड्यांचे 'सतीचे वाण' वाचताना माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. हे तुरुंग आपल्या चार-सहा माणसांसाठी तर उघडले नव्हते. मग ते भरलेले होते कोणी? उत्तर सोपे आहे. पोर्तुगीज माणसांनी. त्यातल्या एका माणसाची गोष्ट आज मी सांगणार आहे. मी इतिहासाचा संशोधक नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. तेव्हा सनावळीबरोबर थोडे माणसाकडेही बघू.

त्याचे नाव आल्वारो कुन्याल. आपण ज्यांना कुन्हा म्हणतो त्या नावातला 'न्हा' पोर्तुगालमध्ये 'न्या' होतो, तोच हा 'न्या'. जन्म १० नोव्हेंबर १९१३, कोइंब्रा या विद्यापीठाच्या गावी. वडील वकील, शिवाय लिहिणारे आणि चित्रे काढणारे. आई कडवी श्रद्धाळू कॅथलिक. हा मुलगा शाळकरी वयाचा असताना, १९२६ साली, लष्कराने बंड करून पोर्तुगालमधले प्रजासत्ताक मोडीत काढले. १९२८ मध्ये कोइंब्राच्याच विद्यापीठातले अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक अर्थमंत्री झाले, १९३२ मध्ये पंतप्रधान झाले आणि पुढे छत्तीस वर्षे खुर्चीवरून उठले नाहीत. ते अर्थात सालाझार. सालाझारांनी आपल्या राजवटीला नाव दिले 'नवे राज्य'. या नव्या राज्यात पक्ष एकच. वर्तमानपत्र छापण्याआधी तपासले जाई. आणि गुप्त पोलीस जागोजाग. १९४५ पासून या पोलिसांचे नाव होते 'पीडे'. ही त्यांच्या खात्याच्या नावाची आद्याक्षरे. आपल्या कानाला त्यात पीडा ऐकू येते आणि ते फारसे चूक नाही.

कुन्याल १९३१ साली लिस्बनला कायद्याच्या वर्गात दाखल झाला आणि त्याच वर्षी बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षात गेला. वय सतरा. १९३७ मध्ये पहिली अटक, १९४० मध्ये दुसरी. या दुसऱ्या कैदेतली एक हकिकत मोठी विलक्षण आहे. पदवीचा प्रबंध तेवढा राहिला होता. त्याने तो तुरुंगात लिहिला आणि पोलिसांच्या पहाऱ्यात विद्यापीठात जाऊन परीक्षकांपुढे मांडला. विषय होता गर्भपात. गर्भपात करणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवण्याऐवजी तिच्यावर ती पाळी आणणाऱ्या गरिबीकडे बघा, असा त्याचा रोख होता. कॅथलिक पोर्तुगालमध्ये, १९४० साली, हातातल्या बेड्या नुकत्याच काढलेला एक कैदी हे बोलत होता. समोरच्या परीक्षकांत एक होते मार्सेलो कायतानो. हेच कायतानो १९६८ मध्ये सालाझारांच्या जागी पंतप्रधान झाले. परीक्षकांनी मात्र आपले काम चोख केले. त्यांनी त्याला चांगले गुण देऊन उत्तीर्ण केले आणि पोलीस त्याला परत घेऊन गेले.

सुटल्यावर तो भूमिगत झाला. भूमिगत हा शब्द आपल्याला बेचाळीसमुळे माहीत आहे, पण आपल्याकडचे भूमिगत जीवन दोन-चार वर्षांचे. पोर्तुगालमध्ये ते पिढीभर चालले. कुठल्या तरी आडगावात एखादे जोडपे भाड्याने घर घेई. शेजाऱ्यांना सांगायला एक खोटे नाव, एक खोटा धंदा. आत एका खोलीत छोटे छपाईयंत्र. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नाना खटपटी. तिथे 'आव्हांते' हे पक्षाचे पत्र पातळ कागदावर छापले जाई. 'आव्हांते' म्हणजे पुढे चला. १९४१ पासून १९७४ पर्यंत हे पत्र देशाच्या हद्दीतच छापून निघत राहिले. घर संशयात आले की एका रात्रीत सोडायचे. त्या घरातल्या बायकांचे नाव फारसे कुठे आले नाही, पण पहारा त्यांचा, निरोप पोहोचवणे त्यांचे, आणि पकडल्या गेल्या तर मार खाणेही त्यांचे.

पकडले गेल्यावर काय होई? पीडेची एक आवडती शिक्षा होती. तिला 'पुतळा' म्हणत. कैद्याला भिंतीकडे तोंड करून उभे करायचे आणि दिवसचे दिवस उभेच ठेवायचे. झोप नाही. पाय सुजून खांबासारखे होत. कुन्यालच्या पक्षाचा नियम असा की नावगावसुद्धा सांगायचे नाही. अटक झाली तर कसे वागावे याची एक पुस्तिकाच पक्षाने काढली होती. सगळ्यांनाच हा नियम पाळता आला असे नाही. माणसाचे शरीर शेवटी शरीरच आहे. पण पाळणारे पुष्कळ निघाले, म्हणून तो पक्ष टिकला.

कुन्यालच्या आधीचे सरचिटणीस बेंतो गोन्साल्विस. त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडे केप व्हर्दे बेटांवरच्या ताराफाल छावणीत ठेवले होते. १९४२ साली ते तिथेच वारले. १९४९ च्या मार्चमध्ये कुन्याल स्वतः सापडला. त्याच्याबरोबर सोफिया फरेरा आणि मिलितांव रिबेरो हे दोघे सहकारी होते. रिबेरोंनी तुरुंगात अन्न सोडले आणि १९५० च्या जानेवारीत त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मे महिन्यात खटला उभा राहिला तेव्हा कुन्यालने आपला बचाव केलाच नाही. तो स्वतः वकील होता. त्याने आरोपीच्या पिंजऱ्यातून सरकारवरच आरोपपत्र वाचले.

यानंतरची अकरा वर्षे तुरुंगाची. त्यातली आठ एकांतवासाची. आधी लिस्बनच्या कारागृहात आणि १९५६ पासून पेनिशच्या किल्ल्यात. टी. बी. कुन्हा त्याच किल्ल्यातून १९५० साली बाहेर पडले होते. पुढे ते पोर्तुगालमधून निसटून पॅरिसला आणि तिथून मुंबईला आले. म्हणजे कुन्हा आणि कुन्याल एका छपराखाली कधी आले नाहीत. पण समुद्राचा तोच आवाज दोघांनी ऐकला असणार.

आठ वर्षे एकटा माणूस काय करतो? मला या भागाचे सर्वांत जास्त कुतूहल आहे. कुन्यालने चित्रे काढली. कोळशाच्या आणि पेन्सिलीच्या काळ्या रेघांत शेतमजूर, कोळी, बायका, गर्दी. भिंतीपलीकडे माणूस दिसत नसताना त्याने कागद माणसांनी भरून काढला. त्याने कादंबऱ्या लिहिल्या. आणि शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा पोर्तुगीज अनुवाद केला. तो पुढे दुसऱ्याच नावाने छापला गेला. आपल्याकडे विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' मराठीत आणला, तो एका कवीने मोकळ्या हवेत बसून. हा दुसरा अनुवादक कोठडीत बसला होता. सत्ता मुठीत आहे तोवर गोड बोलणे ऐकण्याची चटक लागलेला म्हातारा राजा, आणि राज्य गेल्यावर वादळात उघड्यावर आलेला तोच म्हातारा. सालाझारांच्या तुरुंगात हे शब्द एकेक करून दुसऱ्या भाषेत उतरवताना त्या माणसाला काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आता ३ जानेवारी १९६०. रविवारची संध्याकाळ. पेनिशच्या किल्ल्यासमोर एक मोटार येऊन थांबली. तिची डिकी उघडी होती. मोटार चालवणारा होता रोजेरिओ पाउलो हा नट. उघडी डिकी म्हणजे बाहेरची तयारी झाली, ही खूण. आत कैद्यांनी एका पहारेकऱ्याला क्लोरोफॉर्मने झोपवले. दुसरा पहारेकरी, आल्व्हेस नावाचा शिपाई, त्यांना सामील होता. त्याच्या अंगावर लांब रुंद झगा होता. त्या झग्याखाली एकेका कैद्याला लपवून त्याने उघड्या जागेतून पलीकडे नेले. मग चादरींना गाठी मारून केलेल्या दोरावरून ते भिंत उतरले. दहा कैदी आणि अकरावा तो शिपाई. आग्र्याहून सुटका मराठी माणसाला पाठ आहे, तेव्हा या प्रकारातले मर्म आपल्याला वेगळे सांगायला नको. सालाझारांच्या अत्यंत पक्क्या समजल्या जाणाऱ्या तुरुंगातून एका संध्याकाळीत दहा कैदी निसटले होते. पुढच्या वर्षी कुन्याल पक्षाचा सरचिटणीस झाला. काही काळ देशातच लपून राहून तो बाहेर गेला, आधी मॉस्को आणि मग पॅरिस.

४ डिसेंबर १९६१ रोजी काशियशच्या तुरुंगातून आणखी आठ जण पळाले. तुरुंगाच्या आवारात सालाझारांसाठी घेतलेली एक चिलखती मोटार होती. तीच घेऊन त्यांनी फाटक फोडले आणि गोळ्यांच्या वर्षावातून निघून गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी भारतीय सेना गोव्यात शिरली.

गोव्याबद्दल या पोर्तुगीजांचे म्हणणे काय होते? १९५४ च्या उन्हाळ्यात दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली. त्याच दिवसांत पोर्तुगालमधल्या लोकशाहीवाद्यांच्या एका गटाने, जो कम्युनिस्टांच्या जवळचा होता, एक पत्रक काढले. गोवा, दमण, दीव यांविषयी भारताशी वाटाघाटी करा, एवढेच त्यात म्हटले होते. या गटाचे प्रमुख होते रुई लुईस गोम्स, पोर्तोचे नावाजलेले गणिती. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पकडून देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकले. देशाच्या सीमेबद्दल सरकारपेक्षा वेगळे बोलणारा तो देशद्रोही, ही समजूत पोर्तुगालपुरती नाही. १९५७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या गुप्त अधिवेशनाने सगळ्या वसाहतींना तत्काळ आणि विनाअट स्वातंत्र्य मिळाले पाहिजे असा ठराव केला. कुन्याल तेव्हा पेनिशच्या कोठडीत होता.

नवे राज्य कोसळले ते वसाहतींच्याच ओझ्याने. अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये तेरा वर्षे युद्ध चालले. ते लढून कंटाळलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ रोजी कायतानोंचे सरकार उलथवले. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुले खोचली. दोन दिवसांत काशियश आणि पेनिशचे दरवाजे उघडले. ३० एप्रिलला कुन्याल विमानाने लिस्बनला उतरला. केस पांढरे झाले होते. विमानतळाबाहेर गर्दी एवढी की त्याला लष्कराच्या चिलखती गाडीवर चढून बोलावे लागले. मेच्या मध्यात तो मंत्री झाला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नव्या सरकारने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार दिल्लीत केला. पोर्तुगालतर्फे सही मारियो सोआरेस यांची. भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांची. ज्या मंत्रिमंडळाच्या नावाने तो कागद झाला, त्यात पेनिशचा हा कैदी बसलेला होता.

गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल, आणि अर्धी होईल. याच कुन्यालने १९६८ साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा त्या आक्रमणाला पाठिंबा दिला. स्वतः आठ वर्षे एकांतवास भोगलेला माणूस. लिस्बनमध्ये छापण्याआधी तपासलेले वर्तमानपत्र त्याला गुलामी वाटे, मॉस्कोत तसेच वर्तमानपत्र त्याला चालत होते. क्रांतीनंतरही दीड वर्ष पोर्तुगाल हेलकावे खात होता. एक हुकूमशाही गेली, आता दुसरी येते की काय अशी भीती अनेकांना होती. सोआरेस आणि कुन्याल यांच्यात तेव्हा उभा दावा पडला. २५ एप्रिल १९७५ रोजी निवडणूक झाली तेव्हा मतदारांनी आपले मत स्वच्छ सांगितले. सोआरेस यांच्या समाजवादी पक्षाला सुमारे ३८ टक्के, कम्युनिस्टांना साडेबारा. ज्यांनी सर्वांत जास्त तुरुंग भोगला त्यांच्याबद्दल लोकांना आदर होता, पण राज्य त्यांच्या हाती द्यायला ते तयार नव्हते.

त्याच १९७५ च्या जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी आली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिला पाठिंबा दिला. पुढे १९७८ साली भटिंड्याच्या अधिवेशनात पक्षाने ती चूक होती हे कबूल केले. कुन्यालने प्रागबद्दल अशी कबुली कधी दिली नाही. तुरुंगात न बोलण्याचा जो हट्ट त्याच्या कामी आला, तोच हट्ट बाहेर आल्यावर त्याच्या आड आला असे मला वाटते. मोडायचे नाही ही सवय एकदा हाडात मुरली की वाकायचे कधी हे माणूस विसरतो.

तरीही तो वाकला, एकदा. १९८६ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. अखेरच्या फेरीत उरले दोघे. उजव्या बाजूचे फ्रेताश दो आमाराल आणि कम्युनिस्टांचे जुने वैरी सोआरेस. कुन्यालने पक्षाचे खास अधिवेशन बोलावले आणि कार्यकर्त्यांना सांगितले की मतपत्रिकेवरचा सोआरेस यांचा फोटो बघवत नसेल तर हाताने झाका, पण फुली त्यांच्याच नावापुढे मारा. सोआरेस थोडक्यात निवडून आले. रागही राखला आणि मतही दिले. लोकशाहीत राहायचे तर नावडत्या माणसाला मत देण्याची वेळ येते, हे या कडव्या माणसाला कळले होते.

१९९२ साली त्याने सरचिटणीसपद सोडले. दरम्यान 'मान्युएल तियागो' नावाच्या एका लेखकाच्या कादंबऱ्या पोर्तुगालमध्ये वाचल्या जात होत्या. भूमिगतांच्या आयुष्याचे त्यांत बारकाईने चित्रण होते. लेखक कोण ते कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. नव्वदीच्या दशकात कुन्यालने सांगितले की तो मीच. वीस वर्षे त्याने आपले लेखन आपले म्हणून सांगितले नव्हते. मित्रहो, कवितेखाली नाव छापले नाही तर आम्ही कवी संपादकांना फोन करतो. तेव्हा या गोष्टीपुढे मी मुकाट्याने हात जोडतो.

१३ जून २००५ रोजी तो गेला. त्याच दिवशी पोर्तुगालचे थोर कवी युजेनिओ दि आंद्राद हेही गेले. लिस्बनच्या रस्त्यांवर लाखोंची गर्दी लोटली. त्यातल्या बहुतेकांनी त्याच्या पक्षाला मत दिले नसेल. निवडणुकीचे आकडे तसेच सांगतात. पण आपल्याला बोलता यावे म्हणून कोणीतरी आठ वर्षे भिंतीशी बोलत बसले होते, हे त्यांना ठाऊक होते.

आता पेनिशविषयी. २०१६ साली पोर्तुगाल सरकारने जुन्या वास्तू खाजगी हॉटेलवाल्यांना भाड्याने देण्याची योजना आखली. यादीत पेनिशचा किल्ला होता. समोर समुद्र, उत्तम देखावा, पर्यटकांची सोय. जुने कैदी आणि त्यांची मुलेबाळे खवळून उठली. सरकारला माघार घ्यावी लागली. २०१९ मध्ये तिथे अडीच हजारांहून अधिक कैद्यांच्या नावांचे स्मारक खुले झाले, आणि क्रांतीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०२४ च्या एप्रिलमध्ये, पूर्ण संग्रहालय उघडले. प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय, असे त्याचे नाव.

एखाद्या समाजाला त्याच्या राजावरून, सरकारवरून ओळखण्याची आपल्याला फार घाई असते. ज्यांच्या नावाकडे पाहूनच लोक हिशेब मांडायला बसतात, त्यांना या घाईचा अनुभव जरा जास्त येतो. मलाही येतो. सालाझार पोर्तुगीज होते आणि पेनिशचे हजारो कैदीही पोर्तुगीज होते. मोहन रानड्यांना कोंडून ठेवणारा पोर्तुगीज होता आणि गोव्याबद्दल भारताशी बोला म्हणून तुरुंगात गेलेला गणितीही पोर्तुगीजच होता. गोवामुक्तीचा इतिहास आपल्या मुलांना सांगताना हुतात्म्यांची नावे आपण सांगतोच. त्यांच्या शेजारच्या कोठडीत कोण होते, तेही सांगायला हवे.